चाकाच्या नटांना ग्रीस लावायचं का? पावसाळ्याआधी नवख्यांनी करायचं काम

पंक्चर काढून झालं, चाक परत चढवायची वेळ आली की कारागीर ग्रीसचा डबा जवळ ओढतो आणि विचारतो, "दादा, स्टडना थोडं लावून देऊ का? पुढच्या वेळी नट जाम होणार नाहीत." स्टड म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या हबमधून बाहेर आलेले आट्यांचे दांडे, त्यांवरच नट फिरतात. कारागिराचा हेतू चांगला असतो. नाशिकमध्ये गाडी चालवणाऱ्याला हे पटतंही, कारण आपल्या गाड्या कसारा घाटातल्या पावसात जातात, इगतपुरीच्या चिखलात उभ्या राहतात, निफाड-दिंडोरीच्या शेतरस्त्यांवर फिरतात. नटावर तांबूस गंज दिसला की मनात येतं, थेंबभर तेलाने काय बिघडणार आहे?

बिघडतं. म्हणून साध्या मोटारीसाठी माझं उत्तर आधीच सांगतो: स्टडच्या आट्यांना आणि नटाच्या बैठकीला, म्हणजे नट चाकावर जिथे टेकतो त्या जागेला, तेल किंवा ग्रीस लावू नका, कंपनीने तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत तसं स्पष्ट लिहिलं असेल तरच लावा. गंजाचा बंदोबस्त करायचाच आहे, पण त्याची जागा दुसरी आहे. ती कोणती आणि काम कसं करायचं, ते घरच्या अंगणात पहिल्यांदाच चाक काढणाऱ्याला जमेल अशा पद्धतीने सांगतो.

आधी कारण, कारण ते कळलं नाही तर कोणीतरी ठामपणे "लाव रे" म्हणालं की आपण लावून मोकळे होतो.

नट चाकाला धरून ठेवतो असं आपल्याला वाटतं. खरं काम स्टड करतो. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो, रबर ताणावं तसा, आणि तो ताण चाकाला हबवर दाबून धरतो. चाक आणि हब यांच्यामधल्या या दाबामुळेच चाक जागेवर राहतं. आपण पान्यावर लावलेल्या जोरातला फार थोडा भाग, ढोबळमानाने दहावा हिस्सा, हा ताण देण्यात जातो. बाकीचा सगळा घर्षणात संपतो: जवळजवळ निम्मा नटाच्या बैठकीवर, उरलेला आट्यांमध्ये. कंपनी टॉर्कचा, म्हणजे नट फिरवण्याच्या जोराचा, आकडा ठरवते तो हे घर्षण धरून, म्हणजे स्वच्छ आणि कोरडे आटे गृहीत धरून.

आता त्यात ग्रीस घाला. घर्षण कमी झालं, पण पाना तुम्ही तेवढ्याच जोराने फिरवला. वाचलेला जोर कुठे गेला? स्टडच्या ताणात.

आकड्यांत सांगतो. लहान मोटारींना बहुधा १२ मिलिमीटर जाडीचे स्टड असतात. १०० न्यूटन मीटर टॉर्क दिला आणि आटे कोरडे, स्वच्छ असले तर एका स्टडवर साधारण सव्वाचार टन ताण येतो. आटे आणि बैठक दोन्ही ग्रीसने माखलेली असतील तर तेवढ्याच टॉर्कला तो साडेपाच ते सात टनांपर्यंत जातो. आणि ८.८ ग्रेडचा १२ मिलिमीटरचा स्टड साधारण सव्वापाच टनांपर्यंतच ताण सोसून मूळ लांबीवर परत येतो. १०.९ ग्रेडचा साडेसातच्या आसपास सोसतो. म्हणजे कमी ग्रेडचा स्टड मर्यादा ओलांडून गेला आणि जास्त ग्रेडचा काठावर येऊन उभा राहिला. वर पंक्चरच्या दुकानातली हवेवर चालणारी नट आवळायची गन असेल तर तो काठही उरत नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे, आणि ती सहसा कोणी सांगत नाही. आटे गंजलेले, मातीने भरलेले असतील तर घर्षण वाढतं. टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला टॉर्क आला की आवाज करणारा पाना, "टक" करून सांगतो की झालं, पण ताण तीन टनांच्याही खाली राहिलेला असू शकतो. चाक घट्ट वाटतं आणि घाटात उतरताना हळूहळू सैल होतं. म्हणून गंज तसाच ठेवणं हाही उपाय नाही. ग्रीसही नको आणि गंजही नको, आटे स्वच्छ आणि कोरडे हवेत. या लेखातलं सगळं काम त्याच्यासाठी आहे.

हे मला कसं कळलं, तेही सांगतो. माझी पहिली गाडी जुनी, तीन मालक बदललेली. दर पावसाळ्याआधी मी स्टडना इंजिन ऑइल चोपडायचो, वडील सायकलच्या प्रत्येक नटाला तेल द्यायचे ते बघत मोठा झालो होतो. तिसऱ्या वर्षी इंदिरानगरमध्ये घरासमोर चाक खोलताना एक नट अर्ध्यावर येऊन अडला. आणखी जोर दिला आणि स्टड तुटून नटासकट हातात आला. तुटलेल्या जागेच्या जरा वर तो मधोमध बारीक झालेला होता, ओढलेल्या गुळाच्या तारेसारखा. गॅरेजच्या मेस्त्रींनी उरलेले तीन बघितले, त्यातलेही दोन ताणलेले निघाले. ते चाक घेऊन मी दोनच दिवसांपूर्वी सहकुटुंब सप्तशृंगी गडाचा घाट उतरून आलो होतो. ती गोष्ट अजून आठवली की पोटात गोळा येतो.

आता काम.

तयारी

गाडीच्या पुस्तिकेत व्हील नटचा टॉर्क शोधा. लहान मोटारींना तो बहुधा ८५ ते ११० न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो, मोठ्यांना जास्त. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका. काही पुस्तिकांत किलोग्रॅम मीटरमध्ये लिहिलेलं असतं, १० किलोग्रॅम मीटर म्हणजे साधारण ९८ न्यूटन मीटर.

साहित्य फार लागत नाही: गाडीचा जॅक आणि पाना, चाकामागे लावायला दोन दगड किंवा लाकडी ठोकळे, पितळी किंवा स्टीलचा हातब्रश, जुन्या सुती कपड्याच्या चिंध्या, ब्रेक क्लीनरचा डबा, आणि टॉर्क रेंच. रेंच विकत घ्यायचा नसेल तर दोन-तीन गाडीवाल्यांनी मिळून एक घ्या. वापरून झाला की त्याचा आकडा सर्वात खाली आणून ठेवा, आतली स्प्रिंग दबलेली राहिली तर रेंच चुकीचं मोजायला लागतो.

जमीन सपाट आणि टणक हवी. गंगापूर रोडच्या नव्या सोसायट्यांत पार्किंगला उतार असतो, तिथे हे काम करू नका. हँडब्रेक ओढा, पहिला गियर टाका, उचलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात-पाय घालायचा नाही. काढलेलं चाक आडवं करून गाडीच्या खाली सरकवून ठेवा, जॅक सरकला तर गाडी त्याच्यावर बसेल.

नट सोडवणं

चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच प्रत्येक नट अर्धा फेरा सैल करायचा, मग जॅक लावायचा. उलटं केलं तर चाकच फिरत राहतं आणि गाडी जॅकवर हलते.

नट जाम असेल तर आधी ब्रशने दिसणारा गंज झाडा. मग आट्यांच्या उघड्या टोकाला गंज सोडवणाऱ्या पातळ तेलाचा फवारा मारा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. होय, इथे तेल चालतं, कारण हे खोलण्यासाठी आहे, बसवण्याआधी ते पूर्ण पुसायचं आहे. एकदम झटका देऊ नका. थोडा सैल, थोडा घट्ट, परत सैल, असं मागे-पुढे करत आणा. पान्याला लांब पाइप लावला तर जोर वाढतो, पण पाइपवर उभं राहून उड्या मारल्या तर स्टड पिळून तुटतो. तेवढं करूनही हलला नाही तर गॅरेज गाठा. टायर चढलेला असताना नटाला आगीची फुंकणी लावू देऊ नका. टायरमधली हवा तापून टायर फुटू शकतो, आणि कडक केलेल्या स्टडची ताकदही उष्णतेने जाते.

चकचकीत टोपी चढवलेले नट असतील तर एक अडचण ठरलेली. पातळ टोपी आणि आतला नट यांच्यामध्ये गंज फुगतो आणि १९ मिलिमीटरचा पाना चढेनासा होतो. लोक मग जरा मोठा पाना ठोकून बसवतात आणि कोपरे गोल होतात. असा फुगलेला नट सापडला की तो बदलून एकसंध नट घ्या.

आटे साफ करणं

हा या कामाचा गाभा आहे, इथे घाई करू नका.

स्टडला ब्रश आट्यांच्या दिशेने, गोल फिरवत लावा. वरची धूळ गेली की चिंधीवर ब्रेक क्लीनर घेऊन पुसा, चिंधी काळी यायची थांबेपर्यंत. फवारा थेट ब्रेकवर नको, चिंधीवर घ्या आणि मग पुसा. नटाच्या आतली बाजूही तशीच साफ करा, जुना दात घासायचा ब्रश त्याला उत्तम चालतो. आधीच्या कोणी ग्रीस लावलं असेल तर ते आट्यांच्या तळाशी काळं, चिकट होऊन बसलेलं असतं आणि त्यात वाळू अडकलेली असते. ते पूर्ण निघालं पाहिजे.

मग बोटांची परीक्षा. स्वच्छ नट स्टडवर फक्त बोटांनी तळापर्यंत जायला हवा. तीन-चार आटे सहज गेला आणि मग ठरावीक जागी अडला तर दोन शक्यता: आटे एकमेकांवर चढून खराब झालेले आहेत किंवा स्टड ताणला जाऊन आट्यांमधलं अंतर बदललं आहे. दुसरा नट लावून बघा. तोही तिथेच अडला तर दोष स्टडचा. तेल लावून तो कसाबसा पुढे जाईल, आणि बरेच जण नेमकं इथेच तेल लावतात. तसं करू नका. तो स्टड बदलायचा. स्टड हबमध्ये दाबून बसवलेला असतो, नवख्याने हातोडी घेऊन तो काढायला बसू नये, बेअरिंगला धक्का बसतो. गॅरेजमध्ये हे नेहमीचं काम आहे. एका चाकाचा एक स्टड ताणून गेलेला असेल तर त्या चाकाचे सगळे तपासून घ्या. नवा घेताना नुसतं "१२ चा द्या" म्हणू नका, आट्यांमधलं अंतरही जुळावं लागतं. काही गाड्यांना १.२५ मिलिमीटर असतं, काहींना १.५. जुना स्टड आणि नट सोबत घेऊन जा.

पिकअपवाल्यांसाठी एक खास सूचना. खताच्या गोण्यांतून सांडलेलं म्युरेट ऑफ पोटॅश, द्राक्षबागेत मारलेल्या बोर्डो मिश्रणाचे शिंतोडे, हे सगळं चाकापर्यंत पोचतं. म्युरेटमधलं क्लोराइड आणि बोर्डोमधलं मोरचूद दोन्ही लोखंडाला खातात. हंगामात आठवड्यातून एकदा चाकं साध्या पाण्याने धुवा, हे कोणत्याही ग्रीसपेक्षा जास्त उपयोगी आहे. समुद्रावर जाऊन आलात तर घरी पोचल्यावर तेच करा.

ग्रीसची खरी जागा

पावसाळ्यानंतर नट निघाले तरी चाक निघत नाही, हा अनुभव अनेकांना असेल. दोष नटांचा नसतो. हबच्या मध्यभागी जो गोल कंगोरा चाकाच्या मधल्या भोकात बसतो, तिथे गंज धरतो आणि चाक चिकटतं. अॅल्युमिनियमचं अलॉय चाक आणि लोखंडी हब असेल तर जास्तच, कारण दोन वेगळे धातू ओल्यात एकत्र आले की झीज वेगाने होते.

चाक काढल्यावर तो कंगोरा आणि हबचा सपाट चेहरा दोन्ही ब्रशने घासून धातू दिसेपर्यंत साफ करा. मग फक्त कंगोऱ्याच्या कडेला, बोटाच्या टोकाने, तांब्याचं किंवा अॅल्युमिनियमचं अँटीसीझ कंपाउंड (धातू एकमेकांना चिकटू न देणारा लेप) इतकं पातळ लावा की खालचा धातू दिसत राहील. सपाट चेहऱ्यावर नाही, स्टडवर नाही. जास्त लावलं तर ब्रेक तापल्यावर ते पातळ होऊन डिस्कवर उडतं, आणि कसारा उतरताना तेलकट ब्रेक कोणालाच नको.

चाकाच्या मागच्या सपाट भागावर किंवा नट बसतो त्या खोलगट बैठकीवर जाड रंग मारलेला असेल तर तो खरवडून काढा. नवा रंग मारलेली स्टीलची चाकं सुंदर दिसतात, पण रंगाचा थर दबत जातो आणि काही दिवसांत नटाचा ताण उतरतो.

चाक चढवणं आणि आवळणं

सगळे नट आधी हातानेच फिरवून बसवा. पाना किंवा गन लावून नट सुरू केला की आटे चढतात. नटाची निमुळती बाजू चाकाकडे. काही चाकांची बैठक शंकूसारखी असते, काहींची गोलसर, काहींची सपाट वॉशरची. बाजारातून अलॉय घेतले तर त्यांना शोभणारे नटही घ्या, जुने नट बैठकीत नुसते काठावर टेकतात.

चार नट असतील तर समोरासमोर, पाच असतील तर एक सोडून एक, चांदणी काढतो तसे आवळत जा. गाडी जॅकवर असताना हलके, मग चाक जमिनीला टेकवून ठरलेल्या टॉर्कच्या निम्म्यावर, मग पूर्ण. रेंचने "टक" केलं की थांबा. "अजून थोडंसं" म्हणून दुसऱ्यांदा ओढायचं नाही.

रेंच नसेल आणि रस्त्यात स्टेपनी लावायची वेळ आली तर? पान्याचा दांडा साधारण ३० सेंटिमीटर असतो. त्याच्या टोकावर ३०-३५ किलोचा दाब दिला की १०० न्यूटन मीटरच्या जवळ जाता, म्हणजे दोन्ही हातांनी नेटाने दाबलं तेवढं पुरतं. ६० किलोच्या माणसाने त्याच दांड्यावर उभं राहिलं की टॉर्क १७५ च्या वर जातो. पान्यावर चढून नट आवळणं आपल्याकडे सर्रास चालतं, ते सोडा. घरी आल्यावर रेंचने परत एकदा बसवून घ्या: आधी किंचित सैल, मग मोजून घट्ट.

चाक चढवल्यावर ५० ते १०० किलोमीटर झाले की टॉर्क पुन्हा तपासायचा, चाकं थंड असताना. शहरातून त्र्यंबकला जाऊन आलात की साठेक किलोमीटर होतात, दुसऱ्या दिवशी सकाळी तपासा. पंक्चरच्या दुकानातून आल्यावरही हेच. कारागिराला आधीच विनंती करा की गनने फक्त बसवा, शेवटचं मी हाताने आवळतो. बहुतेक जण आनंदाने ऐकतात.

मग स्टडच्या उघड्या टोकांचं काय?

नट आरपार असेल तर स्टडचं टोक बाहेर राहतं आणि तिथे गंज चढतो. पूर्ण टॉर्क दिल्यानंतर त्या उघड्या टोकावर मेणाचा गंजरोधक लेप ब्रशने लावू शकता. पुढच्या वेळी नट काढण्याआधी तो पुसायचा, नाहीतर नट बाहेर येताना मेण आट्यांत ओढून आणतो. याहून सोपं म्हणजे प्लॅस्टिकच्या टोप्या. तोंड बंद असलेले नट असतील तर हे काहीच करायला नको.

जिथे तेल लागतंच

मोठ्या ट्रक-बसच्या काही चाकांना सपाट वॉशर जोडलेले, दोन भागांचे नट असतात आणि चाक हबच्या मध्यभागी बसवून सांभाळलं जातं. तिथे स्टडच्या आट्यांवर इंजिन ऑइलचे एक-दोन थेंब आणि नट व वॉशरच्या फटीत एक थेंब द्या असं उत्पादकच सांगतात, आणि टॉर्कचा आकडाही ते तेल धरूनच दिलेला असतो. जुन्या, गोल बैठकीच्या ट्रकच्या चाकांना मात्र कोरडंच. आडगाव नाक्यावर ट्रकचं काम करणारा मेस्त्री तेल घालताना दिसला म्हणून आपल्या मोटारीला तेल घालायचं नाही, तिचा आकडा वेगळ्या हिशोबाने लिहिलेला आहे. ज्या गाड्यांना स्टड-नटऐवजी थेट बोल्ट असतात त्यांनाही पुस्तिका सांगेल तेच, आणि ती बहुधा कोरडं आणि स्वच्छ असंच सांगते.

केव्हा करायचं

वर्षातून दोनदा पुरे: मे महिन्याच्या शेवटी आणि दिवाळीच्या आसपास. नाशिक शहरात पाऊस मध्यम असला तरी इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पडतो, त्यामुळे मुंबईला नियमित जाणाऱ्यांनी श्रावणात मध्ये एकदा चारही चाकं खोलून बघावीत. गंज जाम करतो तो वर्षानुवर्षं न हललेल्या नटाला. सहा महिन्यांनी खोलून, पुसून, मोजून बसवलेला कोरडा नट जाम झालेला मी अजून पाहिला नाही.

मे महिन्यातल्या त्या दिवशी स्टेपनीसुद्धा खाली उतरवून तिची हवा तपासा, आणि गाडीतला पाना प्रत्येक नटावर नीट बसतो का ते एकदा चढवून बघा. अलॉय बदलताना नट १९ चे २१ झालेले असतात आणि डिकीत पाना मात्र जुनाच राहिलेला असतो.